मांजऱ्या आणि काळा पाषाण

दख्खनचा बेसाल्ट हातात घेतला तर पहिल्या नजरेला त्यात पाहण्यासारखे फार थोडे असते. काळा किंवा निळसर करडा रंग, बारीक पोत, फोडल्यावर निघणाऱ्या धारदार कडा आणि आकाराच्या मानाने जाणवणारे वजन, एवढेच. याचे कारण तो ज्या वेगाने निवला त्यात आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला लाव्हा 1,100 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला होता. उघड्यावर पसरताच त्याची उष्णता हवेत आणि खालच्या जमिनीत गेली, आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही. फेल्स्पार, पायरोक्सीन आणि मॅग्नेटाइट ही त्याची मुख्य खनिजे, पण डोळ्यांना ती वेगवेगळी दिसत नाहीत. मॅग्नेटाइट मात्र आपले अस्तित्व दुसऱ्या वाटेने दाखवते: दोऱ्याला टांगलेले लोहचुंबक जवळ नेले की ते दगडाकडे किंचित ओढले जाते. म्हणूनच बेसाल्टच्या कातळावर होकायंत्र टेकवून घेतलेल्या वाचनावर सर्वेक्षक फारसा विश्वास ठेवत नाहीत.

बारीक पोताच्या या नियमाला एक ठळक अपवाद सह्याद्रीतच आहे. इगतपुरी आणि कळसूबाई भागातल्या काही थरांत फेल्स्पारच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या, कधी त्याहून लांब पांढरट पट्ट्या काळ्या दगडात विखुरलेल्या दिसतात. लाव्हा बाहेर येण्याआधीच, खोलवर साठलेल्या शिलारसात हे स्फटिक सावकाश वाढलेले होते. उरलेला रस त्यांच्यासकट वर आला आणि झटपट थिजला. निवण्याचे दोन वेग असे एकाच तुकड्यात शेजारी शेजारी नोंदलेले असतात. गडावर चढणाऱ्यांच्या पायाखालून हा दगड रोज जातो. सर्वेक्षणात त्याचे मोल वेगळे आहे. शेकडो मीटर जाडीच्या एकसारख्या दिसणाऱ्या बेसाल्टमध्ये लांबवर माग काढता येईल अशी खूण क्वचितच मिळते, आणि हे थर ती खूण पुरवतात. पश्चिम घाटातल्या थरांची पुढे रासायनिक पृथक्करणावरून जी विभागणी झाली तिला गावांचीच नावे मिळाली. तळाकडे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. त्यावर खंडाळा आणि बुशी. आणखी वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगात कुठेही दख्खनच्या लाव्हावर शोधनिबंध लिहिणाऱ्याला ही नावे लिहावीच लागतात.

हा प्रदेश आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. पश्चिमेला थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला जे संशोधनाचे छिद्र पाडले गेले त्यात 338 मीटरवर बेसाल्ट संपला. खाली गाळाचा काही मीटरांचा पातळ थर लागला आणि त्याखाली मूळचा प्राचीन ग्रॅनाइट-नाइस.

एक लाव्हाथर उभा कापला तर तो वरपासून खालपर्यंत सारखा नसतो, आणि शेतात किंवा खाणीत दगड ओळखण्याचे बरेचसे काम या एका गोष्टीच्या आकलनावर चालते. लाव्हात विरघळलेले वायू दाब कमी होताच बुडबुडे होऊन सुटतात आणि वर चढतात. थराचा माथा आधी थिजतो, म्हणून ते तिथेच अडकतात आणि थराचा वरचा भाग सच्छिद्र बनतो. मधला भाग घट्ट राहतो. तळाशी, ओलसर जमिनीला टेकलेल्या पट्ट्यात, वाफेच्या उभ्या नळ्या तयार होतात, आणि लाव्हा पुढे सरकत असताना त्या प्रवाहाच्या दिशेने वाकतात. उलथलेल्या दगडाची मूळची वरची बाजू कोणती आणि लाव्हा कोणीकडे वाहत होता, ही दोन्ही उत्तरे या नळ्या देतात. मधला घट्ट भाग निवताना आकसतो आणि निवणाऱ्या पृष्ठाशी काटकोन करून भेगा पडत जातात. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब सुटतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सुमारे 60 मीटर उंचीचे उभे खांब याच क्रियेने झाले. दोन उद्रेकांमधल्या काळात थराचा माथा उन्हापावसात कुजे, आणि पुढचा लाव्हा त्यावर आला की ती माती भाजून तांबडी होई. कुठे डबकी साचत, त्यांत प्राणी राहत. वरळीला दोन थरांमधल्या अशा गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत.

विहीर खणणाऱ्यांना हा उभा छेद पुस्तकाशिवाय पाठ असतो. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि नशिबाने लवकर लागला तर गेरूसारखा तांबडा थर. त्याखाली पुन्हा मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांनी भरलेला, पहारीने तुलनेने लवकर फुटणारा दगड. थराचा जो सच्छिद्र माथा, तोच हा. त्याची भोके नंतर खनिजांनी भरून आलेली असतात. काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांमध्ये सापडते. मांजऱ्या कुजलेला असेल तर त्यातून पाझर चांगला मिळतो, ताजा असेल तर तोही कोरडाच. तांबडा थर चिकणमातीचा, म्हणून तो पाणी धरतो पण सोडत नाही. हाताने खणलेल्या विहिरीत हे सगळे भिंतीवर दिसायचे. बोअरच्या यंत्राने दगडाचे पीठ होते, आणि तरीही जाणत्या माणसाला पिठाचा रंग, त्यातले पांढरे कण आणि छिन्नी खाली उतरण्याचा वेग यांवरून थर बदलल्याचे कळते. दर काही फुटांवर तो पीठ-खडीचा मूठभर नमुना बाजूला काढून ओळीने मांडत जातो. भूजलाच्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली नोंद हीच.

भोके भरली कशी, हा बेसाल्टच्या अभ्यासातला सर्वांत रंगतदार भाग आहे. लाव्हा थिजला तेव्हा ती रिकामी होती. पुढे थरांवर थर चढले, खालचे थर दबले, पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरले आणि अजून उबदार असलेल्या दगडात तापले. गरम पाण्याने ज्वालामुखी काच आणि फेल्स्पार हळूहळू विरघळवले; त्यातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम पाण्यात आले. पाणी पोकळीत पोचले, थोडे निवले किंवा त्याची रासायनिक घडण बदलली, की विरघळलेला माल भिंतीवर स्फटिकांच्या रूपाने बसू लागला. हे एका दमात झाले नाही. काही ठिकाणच्या पोकळ्यांतल्या अपोफिलाइट या खनिजाची वये काढली तेव्हा ती लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघाली. दगड जन्मला त्या काळाला आणि त्याच्या पोटातली खनिजे जन्मली त्या काळाला एकच आकडा लावता येत नाही.

भरण्याचा क्रम बहुतेक पोकळ्यांत साधारण सारखा दिसतो. भिंतीला चिकटून हिरव्या मातकट खनिजाचे पातळ अस्तर. त्यावर कॅल्सेडोनी किंवा बारीक क्वार्ट्झ. मग ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट यांसारखे झिओलाइट, आणि त्यांच्यावर अपोफिलाइट व कॅल्साइट. क्रम ठरवायची रीत सोपी आहे: जे दुसऱ्यावर बसले ते नंतरचे, आणि ज्याच्या अंगावर दुसऱ्याचा ठसा उमटला ते आधीचे. पोकळी अर्धीच भरलेली असेल आणि अकीकाचे पट्टे तळाशी आडवे बसलेले असतील तर ते त्या वेळच्या क्षितिजाला समांतर असतात. आज ते कललेले दिसले तर थरही नंतर कलला आहे. कोणते झिओलाइट किती खोलीवर बनते हेही ठरलेले असते. ब्रिटिश भूवैज्ञानिक जी. पी. एल. वॉकर यांनी 1960च्या सुमारास आइसलँडमधल्या लाव्हाथरांत असे पट्टे मांडून दाखवले. वरच्या पट्ट्यात चॅबेझाइट, खाली गेल्यावर मेसोलाइट-स्कोलेसाइट, आणखी खाली लॉमोंटाइट. यावरून झिजून गेलेल्या थरांची जाडीसुद्धा अंदाजता येते.

ही खनिजे बाहेर येतात ती खोदकामामुळे. बोरघाटाचा लोहमार्ग 1863मध्ये सुरू झाला. त्याचे बोगदे आणि कापण्या करताना निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन पोचले. नंतर पुण्याभोवतीच्या पाषाणसारख्या ठिकाणच्या खाणी, नाशिक-सिन्नर, जळगाव, राहुरीजवळचे मोमीन आखाडा अशी नावे जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी आली. खाणीचा धंदा मात्र खडीचा असतो, स्फटिकांचा नसतो. मालकाला घट्ट काळा पाषाण हवा असतो. पोकळ्यांचा पट्टा लागला की डबर कमी प्रतीचे ठरते. सुरुंग उडाल्यावर एखादी मोठी पोकळी उघडी पडते, आणि दगड क्रशरला जाईपर्यंतचा वेळ एवढीच काय ती सवड. अनुभवी माणूस स्फटिकाला हात लावत नाही. पोकळीच्या कडेपासून वीतभर लांब छन्नी लावतो, भोवतीचा दगड धरून ढलपा सोडवतो, कागदात गुंडाळतो आणि ओला असेल तर सावलीत वाळू देतो. लॉमोंटाइट असल्यास ही काळजीही पुरत नाही, कारण कोरड्या हवेत ते आपले पाणी गमावते आणि काही काळात पांढरा भुगा होऊन गळते. चांगला नमुना गेल्या शतकात कितीदा खडीत गेला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शहरे वाढली तशा पुण्याच्या जुन्या खाणी बुजल्या किंवा इमारतींनी वेढल्या गेल्या, आणि काही खनिजांची नामांकित ठिकाणे आता केवळ संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर उरली आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात या खनिजांचा मोठा साठा पाहायला मिळतो.

ओळख पटवण्याची सुरुवात रंगापासून करणे ही नवशिक्यांची सार्वत्रिक सवय, आणि ती सर्वांत जास्त फसवते. स्टिल्बाइट पांढरे असते, गुलाबी, पिवळे, विटकरीही असते. अपोफिलाइट बिनरंगी असते आणि व्हॅनेडियमचा अंश मिसळला की हिरवेगार. क्वार्ट्झला तर कोणताही रंग चालतो. म्हणून कामाची माणसे रंग शेवटी विचारतात. आधी जागा: कोणत्या दगडात, थराच्या कोणत्या भागात, कोणाच्या शेजारी, कोणाच्या वर. बेसाल्टच्या पोकळीत सापडू शकणाऱ्या खनिजांची यादी मुळातच आटोपशीर आहे, आणि जागा कळली की शक्यता पाच-सहांवर येतात. बाजारातून आलेल्या सुट्या स्फटिकाच्या बाबतीत हीच माहिती गेलेली असते. तो कितीही देखणा असला तरी ओळख पटवायला अवघड जातो, आणि त्याचे शास्त्रीय मोलही निम्मे होते.

त्यानंतर कठिनता. फ्रीड्रिख मोस यांनी 1812मध्ये मांडलेली दहा खनिजांची श्रेणी आजही खिशातल्या साधनांनी चालवता येते. नखाची कठिनता सुमारे अडीच, चाकूच्या पात्याची आणि काचेची साडेपाचच्या आसपास. कॅल्साइट 3, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन ते 4, अपोफिलाइट साडेचार ते 5, क्वार्ट्झ 7. म्हणजे चाकूने ओरखडा उठला तर क्वार्ट्झ बाद, आणि खनिजानेच काचेवर स्पष्ट रेघ ओढली तर बहुतेक झिओलाइट बाद. ओरखडा देखण्या पृष्ठावर न काढता मागच्या तुटलेल्या कडेवर काढावा. रेघ उठली असे वाटले की बोटाने पुसून पाहावे, कारण कित्येकदा ती चाकूच्या पोलादाची घासलेली भुकटी असते.

पाटन, म्हणजे खनिज ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटण्याची प्रवृत्ती, कठिनतेइतकीच बोलकी. कॅल्साइट फुटले की त्याचे तिरके समचतुर्भुजी ठोकळे होतात, आणखी फोडले तरी तसेच लहान ठोकळे. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. मांजऱ्यातले पांढरे ठिपके कॅल्साइटचे की झिओलाइटचे, हा प्रश्न या एका थेंबाने सुटतो. क्वार्ट्झला पाटन नाही, ते काचेसारखे वाकडे फुटते, आणि त्याच्या सहा बाजूंवर आडव्या बारीक रेषा असतात. अपोफिलाइटचे स्फटिक चौकोनी छेदाचे, बाजूंवर उभ्या रेषा. ते आडवे फुटते आणि फुटलेल्या सपाट पृष्ठाला मोत्याची झळाळी असते, तर बाजूंना काचेची. घनासारखे दिसणारे अपोफिलाइट कित्येकदा दुसऱ्याच खनिजाच्या नावाने विकले जाते. बाजू कोणती आणि माथा कोणता हे झळाळीच्या फरकाने समजते, आणि घनात असा फरक असूच शकत नाही.

स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट यांची गल्लत नेहमीची. दोन्ही मऊ, दोन्हींना एका पृष्ठावर मोत्याची चमक, दोन्ही एकाच पोकळीत. फरक घडणीत दिसतो. स्टिल्बाइटचे पातळ पापुद्रे मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात. ह्यूलँडाइटचा स्फटिक एकटा, पोटात रुंद आणि टोकांकडे निमुळता. स्टिल्बाइट तापवले तर फुगते आणि त्यातून वाफ निघते. स्वीडिश खनिजतज्ज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी 1756मध्ये नोंदवलेल्या याच वागण्यावरून झिओलाइटांचा गट वेगळा काढला गेला. त्यांच्या जाळीदार रचनेत पाणी मोकळ्या वाटांमध्ये बसलेले असते, तापवले की निघून जाते आणि जाळी शाबूत राहते. स्कोलेसाइटच्या बारीक काड्या तापवल्यावर वळवळून वाकड्या होतात. नमुन्याचा कण वाया जात असल्याने ही परीक्षा आता क्वचित करतात.

ओकेनाइटचे पांढरे मऊ गोळे ओळखायला कोणतीच परीक्षा लागत नाही, आणि करूही नये. बोट लागले की तंतू दबतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. बाजारात याच गोळ्यांना निळे-गुलाबी रंग देऊन विकतात. न दिसणाऱ्या कडेवर ॲसिटोनचा ओला बोळा टेकवला तर रंग उतरण्याची शक्यता असते. निळ्याचा खरा मान कॅव्हनसाइटचा. कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचे हे सिलिकेट प्रथम अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सापडले आणि 1973मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण मोठे, गडद निळे पुंजके मिळाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत, बहुधा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. तिथेच पेंटॅगोनाइटही मिळते. त्याचे रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी. त्याचे जुळे स्फटिक पाच टोकांची चांदणी करतात. किंमत चढली तशी सुटे निळे पुंजके पांढऱ्या दगडावर डिंकाने चिकटवायची कारागिरीही वाढली. अतिनील दिव्याखाली डिंक बहुधा वेगळा चमकतो. हाच दिवा नाशिक भागातले पॉवेलाइट ओळखायलाही कामी येतो, कारण ते त्याखाली पिवळे उजळते, आणि हातावर तोलले तर झिओलाइटच्या जवळजवळ दुप्पट जड लागते.

बेसाल्टबाहेरच्या खडकांना हेच प्रश्न वेगळ्या क्रमाने लागू पडतात. कण एकमेकांत गुंतलेले असतील तर खडक वितळलेल्या रसातून थिजलेला किंवा खोलवर पुन्हा स्फटिकलेला. कण गोटे-वाळूसारखे सुटे आणि मधल्या लेपाने जोडलेले असतील तर गाळाचा. कण एका दिशेने ओळीत लागले असतील तर दाबाखाली बदललेला. चंद्रपूरकडचा चुनखडक, नागपूर-भंडाऱ्याकडचे मँगनीजयुक्त रूपांतरित खडक, सिंधुदुर्गातले ग्रॅनाइट आणि नाइस यांची पहिली चाळणी याने होते. मुंबईतल्या जुन्या इमारतींचा पिवळसर मालाड-कुर्ला दगड लाव्हाचाच, पण बेसाल्टपेक्षा जास्त सिलिकेचा, म्हणून फिका. कोकणातला जांभा या कोणत्याच खान्यात नीट बसत नाही. बेसाल्टसारख्या खडकातली सिलिका मुसळधार पावसात धुऊन गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा तो दगड. जमिनीत तो ओला आणि मऊ असतो, चिरे कापून हवेत ठेवले की कडक होतो. ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले की त्याचेच बॉक्साइट होते, जसे कोल्हापूरच्या राधानगरी भागात.

हातभिंग, चाकू, आम्ल आणि चुंबक एवढ्यावर जे ठरत नाही ते प्रयोगशाळेत जाते. खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा पातळ काप काचपट्टीवर बसवला की काळा बेसाल्ट पारदर्शक होतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फेल्स्पारच्या पट्टेदार काड्या, पायरोक्सीनचे रंगीत कण आणि मॅग्नेटाइटचे अपारदर्शक ठिपके वेगवेगळे मोजता येतात. सुयांसारख्या झिओलाइटांचे मात्र याने भागत नाही. नॅट्रोलाइटमध्ये सोडियम, स्कोलेसाइटमध्ये कॅल्शियम, मेसोलाइटमध्ये दोन्ही. तिघांच्या सुया एकाच पोकळीत शेजारी असू शकतात, आणि एकाच सुईचा खालचा भाग एक खनिज व टोक दुसरे असल्याचीही उदाहरणे आहेत. त्यांचा निवाडा क्ष-किरण विवर्तनाने किंवा रासायनिक पृथक्करणाने होतो. तोपर्यंत प्रामाणिक चिठ्ठीवर खाणीचे नाव, थरातली जागा, तारीख आणि ‘सुईसारखे झिओलाइट’ एवढेच लिहिलेले असते.